बफिंगला हात घालण्याआधी: कंपाउंड, पॅड आणि मशीनची निवड

जोतिबाहून उतरलेल्या गाडीच्या बॉनेटवर गुलाल असतोच. घरी आल्यावर तो कोरड्या फडक्यानं झटकला जातो. गुलालाखाली घाटरस्त्याची धूळ असते, ती फडक्यात अडकते आणि हात फिरेल तशी रंगावर घासत जाते. दिवसा काही कळत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी लावली, की काळ्या बॉनेटवर दिव्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. (रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात. त्यातल्या दिव्याला आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं.) मग दुकानात जाऊन 'रबिंगचं कंपाउंड द्या' म्हणायचं, दुकानदार समोरची बाटली काढून देणार, आणि जाळं जाऊन त्याच्या जागी धुरकट पट्टे येणार, असं अनेकदा होतं.

दोष बाटलीचा नसतो. बाटलीतलं घासायचं कंपाउंड, ते रंगावर फिरवणारा पॅड आणि मशीन हे तिन्ही मिळून रंग कापतात, आणि त्यातलं एकटं काही निवडता येत नाही.

आधी हिशेब समजून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन जाडी असते. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. रेघ 'निघते' म्हणजे ती भरून येत नाही. तिच्या आजूबाजूचा क्लिअर घासून तिच्या तळापर्यंत खाली आणला जातो. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅडनं एका वेळी २ ते ४ मायक्रॉन सहज जातात. बारीक फिनिशिंग पॉलिशनं एक मायक्रॉनसुद्धा जात नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारा क्लिअर एकदा पातळ झाला, की काही उन्हाळ्यांत टप आणि बॉनेटवरून त्याच्या पापड्या निघायला लागतात. म्हणून 'दर दिवाळीला कंपाउंड मारून घ्यायचं' हा शिरस्ता मोडलेलाच बरा.

रंग कोणता आहे ते पाहा

दाराच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हातानं घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर नाही, रंगच उघडा आहे. जुन्या लाल आणि पांढऱ्या गाड्यांत हे आढळतं. असा रंग उन्हानं पांढुरका, खडूसारखा होतो आणि तो मऊ असतो. त्याला मध्यम पॉलिश आणि फोम पुरतो. पॅडला गाडीचा रंग लागणारच, घाबरू नका. पण पॅड लवकर भरतो, तो जास्त वेळा साफ करावा लागतो.

क्लिअर असेल तर पुढचा प्रश्न: पॅनेल मूळ रंगाचं आहे की डेंटिंग-पेंटिंग झालेलं? जाडी मोजायचं गेज मिळालं तर प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी मोजा. टप १००, डावं दार १०५ आणि उजवं दार २६० दाखवत असेल तर उजवं दार परत रंगवलंय. ६००-७०० च्या पुढे आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. जाड रंग म्हणजे घासायला मोकळीक, असं मात्र समजू नका. वाढलेली जाडी बहुतेक वेळा प्रायमर आणि पुट्टीची असते, वरचा क्लिअर मात्र नेहमीइतका किंवा त्याहून कमीही असू शकतो. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. बंपरवर नेहमी हलक्या हातानं जायचं, कारण प्लास्टिक उष्णता पुढे सरकवत नाही, ती रंगातच साठते.

रस्त्याकडेच्या टच-अपमध्ये अजून कधीकधी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग वापरतात. संशय असेल तर त्याच टच-अपच्या सहज न दिसणाऱ्या कडेला कापसाच्या बोळ्यावर थिनरचा एक थेंब घेऊन टेकवा. रंग लगेच विरघळून बोळ्याला लागला तर तो एनसी. त्यावर मशीन लावू नका, हातानंच करा.

काही गोष्टी पॉलिशनं होतच नाहीत. नख आडवं फिरवल्यावर अडकतं तो चरा खोल आहे. तो पूर्ण काढायच्या नादात आजूबाजूचा क्लिअर संपतो. त्याच्या कडा बोथट करून तो कमी दिसेल एवढंच बघावं. पापडी सुटलेला क्लिअर फक्त परत रंगवून बरा होतो. आणि मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश लावायचंच नाही. ठिपका चकचकीत झाला की तो परत मॅट होत नाही.

धुणं आणि चिकट घाण काढणं

धुण्याबद्दल फार सांगत नाही. दोन बादल्या, कारचा शाम्पू, मायक्रोफायबरचा मिट (हातमोजा), वरून खाली. पण नुसतं धुऊन रंग स्वच्छ होत नाही, आणि इथे कोल्हापूरचं काही खास आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या भागांत फाउंड्र्या आणि मशीन शॉप दाटीनं आहेत. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे बारीक कण तिथे रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर बसतात आणि गंजून क्लिअरमध्ये रुततात. पांढऱ्या गाडीवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान नारिंगी ठिपके दिसतात, ते हेच. लोकांना वाटतं पत्रा आतून गंजला. हे कण न काढता मशीन लावलं तर ते सुटून पॅडमध्ये अडकतात, आणि मग पॅड नव्या रेघा पाडत जातो. त्यासाठी आयर्न रिमूव्हर फवारायचा, सावलीत, थंड पॅनेलवर. कणांशी क्रिया झाली की द्रव जांभळा होऊन ओघळतो. ३ ते ५ मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्यानं धुवायचा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, तो औषधाचाच.

ऊस गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची काजळी, पेटवलेल्या पाचटाची राख असते. ती हातानं पुसायची नाही, पाण्याच्या झोतानं उडवायची. बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळलेल्या गाडीवर क्षारांचे गोल पांढरे डाग राहतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, एक मिनिट ओलं फडकं ठेवून निघतात. जुने डाग क्लिअर खाऊन आत गेलेले असतात, त्यांना मग पॉलिशच लागतं.

हे सगळं झाल्यावर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी. १०० ग्रॅमच्या वडीतला अर्धा तुकडा पुरतो. शाम्पूचं पाणी भरपूर मारून, जोर न लावता, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवायचा. खरखर थांबली की पॅनेल झालं. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. धुऊन वापरायचा मोह नको, त्यात रुतलेला वाळूचा एक कण पुरे असतो.

पॅड: बाटलीपेक्षा आधी याचा विचार

तीच बाटली मऊ फोमवर घेतली तर चमक देते आणि लोकरीवर घेतली तर कापते. म्हणून पॅड आधी.

लोकरी पॅड, ज्याला आपल्याकडे नुसतं 'बफ' म्हणतात, सगळ्यात जोरात कापतो आणि गरम कमी होतो, कारण केसांमधून हवा खेळते. पण स्वतःच्या रेघा मागे सोडतो. मायक्रोफायबर पॅड डीए (फिरता फिरता हेलकावणाऱ्या) मशीनसाठी चांगला कापणारा आहे, पण मऊ रंगावर धुरकटपणा आणतो आणि लवकर भरतो. फोम तीन तऱ्हांचा धरा: कडक, मध्यम, मऊ. रंगावरून ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी पॅड कडक असतो, दुसरीचा मध्यम. बोटानं दाबून बघा आणि पाकिटावरचं वर्णन वाचा. कडक फोम दाबल्यावर लगेच परत येतो, मऊ फोमात बोट सहज बुडतं.

नवशिक्याची खरी चूक एकच पॅड घेण्यात असते. एका हॅचबॅकला मध्यम फोमचे ३ किंवा ४, मऊ फोमचे २, आणि कापणारा मायक्रोफायबर किंवा कडक फोमचे २ लागतात. एकाच पॅडवर अख्खी गाडी केली तर तो ओला, जड आणि गरम होतो. अर्ध्या गाडीनंतर तो कापतही नाही आणि चमकही देत नाही, आणि माणूस बाटली बदलायला दुकानात जातो. आरसे, खांब आणि नंबर प्लेटच्या जागेसाठी ३ इंची दोन पॅड वेगळे.

मशीनवर पॅड जिला चिकटतो त्या बॅकिंग प्लेटपेक्षा पॅड थोडा मोठा हवा. ५ इंची प्लेटला साडेपाच किंवा ६ इंची. बरोबर सारख्या मापाचा लावला तर प्लेटची कडा रंगाला लागते आणि ती खूण पॉलिशनं जात नाही.

कंपाउंड आणि पॉलिश

यात कापणारी भुकटी बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. काही कंपाउंडांत कण घासता घासता फुटून बारीक होतात. ती पूर्ण फेऱ्या होईपर्यंत फिरवावी लागतात, मध्येच थांबलात तर जाड कणांच्या रेघा तशाच राहतात. काहींत कण पहिल्यापासून एकाच आकाराचे आणि बारीक असतात, त्यात फेऱ्या कमी-जास्त झाल्या तरी चालतं. आपल्या हातातली बाटली कोणती हे तिच्या माहितीपत्रकात असतं. एवढी एक गोष्ट तरी वाचाच.

खरेदीला ढोबळ तीन पायऱ्या धरा: जाड कंपाउंड, मध्यम पॉलिश, फिनिशिंग पॉलिश. मेन्झर्ना कंपनीच्या यादीत ४०० जाड, २५०० मध्यम, ३५०० आणि ३८०० बारीक. आकडा वाढेल तसा माल बारीक, पण ४०० म्हणजे ४०० नंबरचा वॉटर पेपर नव्हे. मेग्वायर्समध्ये एम१०५ जाड आणि एम२०५ बारीक. एम१०५ झपाट्यानं कापतं, पण लवकर वाळतं आणि धूळ सोडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पॅडवर पाण्याची एक बारीक फवारणी केली तर ते चालू राहतं. थ्रीएमचा मालही याच पायऱ्यांत बसवता येतो. दोन वेगळ्या कंपन्यांचा माल एका गाडीवर चालतो, एका पॅडवर नाही.

रोजची पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल तर आमच्या मते तीन बाटल्यांचा खटाटोपच नको. पॉलिश आणि वॅक्स एकत्र असलेलं वन-स्टेप घ्या, मध्यम फोम लावा आणि काम संपवा. हलक्या रंगावर बारीक रेघा दिसतच नाहीत. काळी, गडद निळी आणि मरून गाडी असेल तरच शेवटच्या बारीक टप्प्याचं चीज होतं.

न घ्यायच्या गोष्टीही सांगतो. उद्यमनगरात धातूच्या बफिंगची हिरवी आणि तपकिरी वडी मिळते, हुपरीच्या चांदीकामाला असते तशी. ती धातूसाठी आहे. गाडीच्या रंगावर ती मेणकट थर सोडते. डब्यातलं घट्ट, खरखरीत जुन्या पद्धतीचं पेस्ट कंपाउंड आजच्या क्लिअरसाठी फार जाड पडतं. आणि कंपाउंड पातळ करायला रॉकेल मिसळायची पद्धत दिसली तर ती गाडी तिथून परत आणा. रॉकेलाच्या तेलकट थरानं रेघा तेवढ्यापुरत्या झाकल्या जातात, बाकी काही साधत नाही.

बाटली केवढी घ्यायची? हॅचबॅकचे ४० सेंटीमीटरचे साधारण ५० चौकोन होतात. एका चौकोनाला ३ मिलिलिटर धरले तर १५० मिलिलिटर. पाव लिटरची बाटली भरपूर झाली. लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेतलेला तीन वर्षांनी तळाला घट्ट होऊन पडलेला असतो.

मशीन

नवीन माणसानं डीए घ्यावं, म्हणजे एकाच वेळी फिरणारं आणि हेलकावणारं ड्युअल ॲक्शन पॉलिशर. ५ इंची प्लेट आणि १५ मिलिमीटर हेलकावा. ८ मिलिमीटरचं हळू काम करतं. २१ मिलिमीटरचं सपाट टप-बॉनेटवर छान चालतं, पण दारांच्या वळणांवर अडतं.

रोटरी मशीन एकाच आसावर फिरतं. कापतं जोरात, आणि एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळलात तर रंग जाळतं. अनुभवी पेंटर रोटरीवर जे काम अर्ध्या तासात करतो त्याला डीएवर दीड तास लागतो, हे खरं. पण तो हात वर्षांनी तयार होतो. रोटरी वापरायचंच असेल तर पसरवायला ६०० ते ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), कामाला १२०० ते १५००, आणि १८०० च्या वर जायचं कारण नाही.

चार इंची ग्राइंडरला बफ लावून केलेलं काम आपल्याकडे सर्रास दिसतं. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे रोटरीच्या कामाच्या वेगाच्या सात ते नऊ पट. त्याला पंख्यासारखा रेग्युलेटर जोडून वेग कमी करतात, पण मग जोरही जातो आणि मोटारीला गार करणारा पंखाही मंदावतो. खूण सांगतो: ग्राइंडरचा आस साधारण एम१० असतो, पॉलिशरचा एम१४. बॅकिंग प्लेट ग्राइंडरला बसावी म्हणून कुणी ॲडॉप्टर देऊ केला तर घेऊ नका.

डीएच्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करनं एक जाड रेघ मारून घ्या. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी थरथरत राहिली, तर पॅड फिरायचा थांबलाय आणि नुसता हलतोय, कापत नाहीये. एक तर तुम्ही जास्त दाबताय, नाही तर पॅड तिरका झालाय. किती दाबायचं हे शब्दांत कळत नाही. मशीन बंद ठेवून पॅड वजनकाट्यावर टेकवा आणि मशीनच्या वजनासकट ५ किलो येईपर्यंत दाबून हाताला ओळख करून द्या. बारीक टप्प्याला जवळपास मशीनचंच वजन पुरतं.

टेस्ट स्पॉट

निवड खरी होते ती इथे. बॉनेटच्या मधोमध, कडांपासून लांब, मास्किंग टेपनं ४० सेंटीमीटरचा चौकोन आखा. टेप खाकी पॅकिंगची नको, तिचा गोंद राहतो. चौकोन उभ्या टेपनं मधून दुभागा, डावा भाग तसाच ठेवायचा, उजवा करायचा.

सुरुवात फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमनं. पुसून मोबाइलचा टॉर्च हातभर अंतरावरून तिरका मारा. जाळं सत्तर-ऐंशी टक्के गेलं असेल तर तिथेच थांबा, तीच तुमची निवड. गेलं नसेल तर बाटली तीच ठेवून मध्यम फोम लावा. तरी नाही गेलं तर मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम. मग कापणारा पॅड. सगळ्यात शेवटी जाड कंपाउंड. उलट्या क्रमानं गेलात तर कमी जोरात भागलं असतं का, हे कधीच कळत नाही.

पुसल्यावर लगेच जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. पॉलिशमधलं तेल रेघांत भरून बसतं आणि गाडी नवी दिसते, दोन धुण्यांनंतर जाळं परत वर येतं. म्हणून आयपीएचं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचं, १५ टक्क्यांच्या आतबाहेर द्रावण फवारून पुसायचं. ९९ टक्क्यांचं मिळालं तर १५० मिली आयपीए आणि ८५० मिली पाणी. ७० टक्क्यांचं असेल तर २०० मिली आणि ८०० मिली पाणी. नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर हे लावू नका. आयपीएनंतर टॉर्चखाली जे उरलं ते खरं.

साधारण अनुभव असा, की होंडाचा काळा रंग मऊ आणि फोक्सवॅगन-स्कोडाचा कडक. पण वर्ष, रंग आणि कारखाना बदलला की हेही बदलतं. शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असं नाही. एकाच गाडीत परत रंगवलेल्या दाराला वेगळी जोडी लागते.

प्रत्यक्ष काम

जागा छपराखाली हवी. उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा किंवा ऊन उतरल्यावर. बॉनेटवर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे. वायर दीड चौरस मिलिमीटरची, अर्थिंगसकट, आणि खांद्यावरून मागे टाकलेली, म्हणजे ती पॅनेलवर घासणार नाही. शर्टाची बटणं, पट्ट्याचं बक्कल, अंगठी यांची सोय आधीच लावा. काळी रबर बीडिंग, लोगो, पॅनेलच्या कडा आणि उठावदार रेषा टेपनं झाका. कडांवर रंग सगळ्यात पातळ बसतो.

१. पॅड नवा असेल तर त्याच्या तोंडावर पॉलिश बोटानं पातळ चोपडा, सगळीकडे. पुढच्या वेळी मटारच्या दाण्याएवढे चार थेंब. जास्त घातलं तर पॅड घसरतो आणि कापत नाही.

२. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार-पाच ठिकाणी टेकवा. चालू करून हवेत धरलं की पॉलिश भिंतीवर. पहिल्या वेगावर पसरवून घ्या.

३. वेग ४ किंवा ५. एक ४० सेंटीमीटरची ओळ ओढायला ६ ते ८ सेकंद. पुढची ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढली पाहिजे. एकदा आडवं, एकदा उभं, असं दोनदा. म्हणजे चार फेऱ्या, दोन-तीन मिनिटं.

४. शेवटच्या फेरीत दाब सोडा. पॉलिश दुधाळ न राहता तेलकट, पारदर्शक दिसू लागलं की थांबा. ३०० ते ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतक्या ग्रॅमच्या) मायक्रोफायबरनं आधी एका बाजूनं, मग उलटून कोरड्या बाजूनं पुसा. फडक्याचं लेबल आधीच कापून टाकलेलं असू द्या.

५. प्रत्येक चौकोनानंतर मशीन हळू फिरवत पॅडवर नायलॉनचा मऊ ब्रश धरा. पॅड ओला, जड किंवा गरम वाटू लागला की बदला.

एका टप्प्याला चार-पाच तास जातात. एका दिवसात टप, बॉनेट आणि डिकी, दुसऱ्या दिवशी बाजू, असं विभागलं तर हात टिकतो. थकलेला हात कडेवर चुकतो.

कुठे बिघडतं

उन्हात, बाजूनं पाहिल्यावर तेलाच्या तवंगासारखे सरकणारे पट्टे दिसले तर ते होलोग्राम. रोटरी आणि लोकरी पॅडची ही सही. परत कंपाउंड मारून ते जात नाहीत. डीए, मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशची एक फेरी लागते. डीएवर काम करूनही सगळीकडे धुरकट दिसत असेल तर पॅड जास्त कापणारा आहे किंवा भरलेला आहे. आधी स्वच्छ पॅड लावून बघा, मग मऊ पॅड.

पॉलिश गोळ्या होऊन चिकटत असेल तर पॅनेल गरम आहे, पॅड भरलाय किंवा पॉलिश जास्त झालंय. त्या गोळ्या नखानं खरवडू नका, त्यावरच थोडं ताजं पॉलिश लावून पुसा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उलटं होतं, पॉलिश लवकर वाळत नाही आणि आयपीएही रेंगाळतो. पुसल्यावर दोन मिनिटं थांबून दुसऱ्या कोरड्या फडक्यानं परत पुसा, मगच टॉर्च मारा.

कडेवर अचानक वेगळाच, फिक्कट आणि मॅट ठिपका दिसला, किंवा क्लिअरच्या गाडीवर पॅडला रंग लागला, तर क्लिअर संपला. लगेच थांबा. तिथे करण्यासारखं काही उरत नाही, ते पॅनेल पेंटरकडे जाणार. रोटरीवर ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण पॅड कडेवर चढत्या दिशेनं धरला जातो. पॅडची फिरत कडेवरून बाहेर जाणारी हवी, बाहेरून आत येणारी नको.

पॅड मध्येच बॅकिंग प्लेटवरून निसटला तर वेल्क्रो गरम होऊन वितळलाय. पॅड न बदलता केलेल्या लांब कामाची ही पावती.

नंतरचं

पॅड त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी कंपाउंड सिमेंटसारखं बसतं. कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण, बोटानं दाबत. पिळायचा नाही, दाबायचा. वाळवताना फोमची बाजू खाली आणि वेल्क्रो वर, सावलीत, म्हणजे पाणी गोंदात उतरत नाही.

उघड्या झालेल्या क्लिअरवर त्याच दिवशी संरक्षण चढवा. कार्नोबा वॅक्स साधारण सहा-आठ आठवडे टिकतं, सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंगला आयपीएनं पूर्ण तेलमुक्त पॅनेल आणि बंद, कोरडी जागा लागते. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ते करू नये, पुसायच्या आत जागोजागी घट्ट डाग पकडतात. परत रंगवलेल्या पॅनेलवर वॅक्स किंवा कोटिंगची घाई नको, पेंटरनं सांगितलेले दिवस जाऊ द्या. बूथमध्ये भाजलेल्या आणि उघड्यावर वाळवलेल्या रंगात बराच फरक असतो.

दसऱ्याला हळद-कुंकू लावायचंच, तर बोटभर, आणि संध्याकाळी पाणी सोडून धुऊन टाका. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिला तरी कंपाउंड काढू नका, तो चार-आठ दिवसांच्या उन्हात आपोआप फिका होतो. कुंकवाचा मात्र होत नाही. झेंडूच्या माळेची तार बॉनेटला टेकत असेल तर मध्ये कापड घाला. आणि जोतिबाहून आल्यावर गुलाल आधी पाइपच्या झोतानं, वरून खाली, हात न लावता. पाणी गुलाबी यायचं थांबलं की मग शाम्पू आणि मिट.